टक्कल दिसलं, डोकेदुखी राहून गेली

डिसेंबर २०२४ च्या शेवटी बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीने हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत चक्क टक्कल! चॅनेलवाल्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' असं बारसंही उरकलं. संशय बुरशीवर गेला, शाम्पूवर गेला, पाण्यावर गेला. पाण्याचा संशय अगदीच खुळा नव्हता म्हणा, हा सगळा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा.

पण मंडळी, या लोकांच्या तक्रारी नीट बघा. डोकेदुखी, ताप, डोक्याला खाज, मुंग्या, काहींना उलट्या-जुलाब. बुरशीने खाज सुटेल, केसही जातील, पण उलट्या-जुलाब कशाला होतील? कातडी आणि डोकं एकदम बिघडतं तेव्हा पोटात काय गेलं ते विचारायला हवं.

विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहूसुद्धा तपासून घेतला. सेलेनियम! रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, नेहमीचं प्रमाण १.९. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं. आयसीएमआरच्या तपासणीतही रक्तात सेलेनियम वाढलेलं निघालं.

गोष्ट तशी जुनीच. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट रँडलच्या लष्करी ठाण्यावर मॅडिसन नावाच्या डॉक्टरने घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळताना, खूर सुटताना पाहिले. कारण कळायला १९३० चं दशक उजाडलं. मग १९६० च्या दशकात चीनमधल्या एन्शीत माणसांचे केस आणि नखं गेली, काहींच्या मज्जासंस्थेवरही परिणाम झाला. सेलेनियम हा गंधकाचा सख्खा भाऊ. केस आणि नखं ज्या केराटिनची, त्यात गंधकाच्या जागी हा जाऊन बसतो आणि सांधा कच्चा राहतो.

बुलडाण्यातही एप्रिल २०२५ मध्ये नखं गळायला लागली. बऱ्याच जणांचे केस परत आले, पण मधल्या काळात कॉलेजं बुडाली, मुलींची ठरत आलेली लग्नं अडकली.

सरकारी आकडा १८ गावांतले २७९ रुग्ण. हे सगळे केस गेलेले. त्याच कणकेची पोळी खाऊन ज्यांचं नुसतं डोकं दुखलं, ते गोळी घेऊन शेतावर गेले असणार. त्यांना कुणी मोजलं?