पाऊल आणि भूमीचा संवाद

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो, यात आपणांस काहीच नवल वाटत नाही. परंतु तळव्याचा स्पर्श, स्नायू व सांध्यांतील ताण, कानाच्या आतील तोलेंद्रिय आणि डोळे यांच्याकडून मेंदूस क्षणोक्षणी वार्ता पोहोचते, म्हणूनच तो उभा राहू शकतो. पाय गमावलेल्याच्या बाबतीत त्या पायाकडून येणाऱ्या पहिल्या दोन वार्ता खंडित होतात.

कृत्रिम पायाची कल्पना फार प्राचीन आहे. अश्विनीकुमारांनी विश्पलेस धातूचा पाय दिल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सचे शल्यविशारद आंब्रवाज पारे यांनी गुडघ्यात वाकणारा पाय रचला. हे पाय भार वाहत. भूमीची वार्ता मात्र देत नसत. अमेरिकेच्या यादवी युद्धातील जखमी सैनिकांना नसलेला पायही जाणवतो, हे सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली लिहिले. म्हणजे पाय गेला, तरी मेंदू त्याची वाट पाहतच राहतो! शरीरास स्वतःच्या स्थितीची जी जाण असते, तिला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली शास्त्रीय नाव दिले.

भारतात १९६८च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा लवचिक पाय घडविला. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी स्थापिलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गोरगरिबांपर्यंत नेला. या पायास स्वतःची संवेदना नाही. पण तो खडबडीत जमिनीशी जुळवून घेतो आणि उरलेल्या पायावर पडणारा दाब ओळखण्यास माणूस हळूहळू शिकतो. १९८१च्या अपघातात पाय गमावलेल्या नर्तिका सुधा चंद्रन १९८४ साली मुंबईत याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यामागे दीर्घ व वेदनामय अभ्यास होता. तरीही बहुतेकांस डोळ्यांचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून अंधारात, ओल्या फरशीवर किंवा जिन्यात पडण्याचे भय सरत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न आता सुरू आहेत. २०१९ साली झुरिकच्या स्टानिसा रास्पोपोविच यांच्या गटाने कृत्रिम पायाच्या तळव्यातील व गुडघ्यातील संवेदकांची वार्ता मांडीतील मज्जातंतूपर्यंत पोहोचविली. मोजक्या स्वयंसेवकांवर झालेल्या या प्रयोगात चालण्याचा वेग वाढला, थकवा घटला आणि नसलेल्या पायातील वेदनाही उणावली. मात्र मज्जातंतूत तारा बसविणारी अशी साधने अद्याप प्रयोगावस्थेतच आहेत.

तोवर या इतिहासाचा बोध एवढाच, की पाय बसविला म्हणजे सेवाकार्य संपले असे नव्हे. चढ-उतारावर, गर्दीत व मंद प्रकाशात तोल सांभाळण्याचा सराव हा त्या दानाचाच उत्तरार्ध होय. पाय देणाऱ्या हातांनी पहिली काही पावले सोबतही द्यावी.