गुन्हेगाराची ओळख आणि गुन्ह्याचें ज्ञान

अलीकडे कांहीं पदवीधर विद्यार्थी गुन्हेशास्त्र हा विषय घेऊन एम्. ए. होण्याची इच्छा बोलून दाखवूं लागले आहेत, आणि त्यांच्या घरच्या मंडळींस त्याचें नवल व थोडी धास्तीहि वाटते. हें शास्त्र म्हणजे पोलिसखात्यांतील नोकरीची तयारी, किंवा गुप्तहेरांच्या कादंबऱ्यांस विद्यापीठानें दिलेलें प्रशस्तिपत्र, असा सामान्य समज आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. परंतु ते दूर करण्यासाठीं त्या विषयाची स्तुति करीत बसण्यापेक्षां त्याचा इतिहास सांगणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें; कारण या शास्त्राचा इतिहास हा बऱ्याच अंशीं त्याच्या चुकांचा इतिहास आहे, आणि ज्याला त्या चुका ठाऊक नाहींत त्याच्या हातीं ही पदवी देणें धोक्याचें आहे, असें आमचें मत आहे.

गुन्हेगारास हुडकून काढणें व शासन करणें ही विद्या पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण ‘कंटकशोधन’ याच नांवाचें असून, त्यांत लबाड कारागीर, व्यापारी, चोर व भ्रष्ट अधिकारी या सर्वांचा समाचार घेतला आहे. पण शासनाचा हेतु काय आणि तें किती असावें, हा प्रश्न युरोपांत तर्काच्या कसोटीला लावण्याचें श्रेय मिलानच्या चेझारे बेक्कारिया याजकडे जातें. १७६४ सालीं, वयाच्या २६ व्या वर्षीं, त्यानें गुन्हे व शिक्षा या विषयावर एक लहानसें पुस्तक निनांवी प्रसिद्ध केलें. आरोपीचा छळ करून जबाब घेणें अन्यायाचें आहे, देहदंड निरुपयोगी आहे, आणि शिक्षा कडक असण्यापेक्षां ती निश्चित व सत्वर असण्यानें गुन्ह्यास अधिक आळा बसतो, हीं त्याचीं मुख्य मतें.

बेक्कारियानें कायद्याकडे पाहिलें. गुन्ह्याच्या कारणांकडे पाहण्यास आणखी अर्धें शतक लागलें. फ्रान्सच्या सरकारनें १८२७ पासून फौजदारी न्यायाचे वार्षिक आंकडे छापण्यास आरंभ केला. ते आंकडे बेल्जियमचा ज्योतिर्विद व गणिती आदोल्फ केतले यानें अभ्यासले. त्यास असें आढळलें कीं, वर्षें बदललीं, माणसें बदललीं, तरी गुन्ह्यांची संख्या व प्रकार फारसे बदलत नाहींत. प्रत्येक गुन्हा हा केवळ एकेका माणसाच्या दुष्ट बुद्धीचें फळ असता, तर ही नियमितता कोठून आली असती? समाजाच्या रचनेंतच कांहीं कारणें दडलेलीं असलीं पाहिजेत, असा निष्कर्ष त्यानें काढला. येथून हें शास्त्र सरळ वाटेनें गेलें असतें तर किती बरें झालें असतें!

पण वाट वांकडी झाली. इटलींतील डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यास एका मृत कैद्याच्या कवटीच्या मागील बाजूस एक विलक्षण खळगा दिसला, आणि गुन्हेगार हा मानवाच्या रानटी अवस्थेकडे परत गेलेला, जन्मानेंच निराळा असा प्राणी आहे, अशी त्याची खात्री झाली. १८७६ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. जबडा, कान, कपाळ यांवरून गुन्हेगार ओळखतां येतो ही कल्पना लोकांस फार आवडली. आपण त्यांतले नव्हे, हें समाधान तींत फुकट मिळत होतें. त्याच पंथाच्या राफाएले गारोफालो यानें १८८५ सालीं आपल्या पुस्तकास जें नांव दिलें, तेंच युरोपीय भाषांत या शास्त्राचें नांव म्हणून रूढ झालें. पुढें इंग्लंडांतील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनीं सुमारें ३००० कैद्यांचीं मापें इतर माणसांच्या मापांशीं ताडून पाहिलीं, आणि गुन्हेगारांचा म्हणून असा वेगळा शारीरिक नमुना नाहींच, असें १९१३ सालीं जाहीर केलें. गोरिंग यांचीं सर्व मतें टिकलीं असें नव्हे. पण एकाची तुलना दुसऱ्याशीं केल्यावांचून मत देऊं नये, हा धडा टिकला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. लोंब्रोसोच्या ग्रंथापूर्वीं पांच वर्षें, १८७१ सालीं, हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली कीं तींतील माणसांचीं नांवें नोंदलीं जावयाचीं, परवान्यावांचून गांव सोडावयाचें नाहीं, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टांत दाद मागण्याची सोय नाहीं. प्रथम उत्तरेकडे असलेला हा कायदा १९११ नंतर सर्व देशभर लागू करतां येऊं लागला. सोलापूरच्या सेटलमेंटचें नांव महाराष्ट्रांतील वाचकांस अपरिचित नाहीं. तारेच्या कुंपणांत वस्ती, हजेरी आणि गिरणींत काम, असा तेथील संसार होता. १९५२ सालीं कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागीं सराईत गुन्हेगारांविषयींचे कायदे आले, आणि संशयाची संवय कायद्याबरोबर रद्द झाली नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ १९८७ सालीं निघालें, तेव्हां ही हकीकत सोसणाऱ्यांच्याच घरांतून सुशिक्षित वाचकांसमोर आली.

लोंब्रोसो चुकला; पण त्याचें मत पुस्तकांत होतें, म्हणून गोरिंग यांस तें तपासतां आलें. आपल्याकडे तसेंच मत कायदा होऊन बसलें. तें सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर नव्हती, आणि खोडून काढण्याची मुभाहि कोणास नव्हती. विशेष हें कीं, गुन्हेगार ओळखण्याच्या विद्येंत हा देश त्या काळीं मागें नव्हता. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धति एडवर्ड हेन्री यांच्या नांवानें जगभर गेली. पण ती बसविण्यांत अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन बंगाली अंमलदारांचा मोठा वांटा होता. ऑस्ट्रियाच्या हान्स ग्रोस यांच्या तपासविषयक ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९०६ सालीं मद्रासेस छापलें गेलें. म्हणजे ठसा कोणाचा हें अचूक सांगणारें ज्ञान, आणि अख्खी जमात चोर आहे असें बेधडक सांगणारें अज्ञान, हीं दोन्ही एकाच सरकारच्या पदरीं सुखानें नांदत होतीं.

विद्यापीठांनीं या विषयास स्वतंत्र घर दिलें तें बऱ्याच उशिरां. केंब्रिजची संस्था १९५९ सालीं निघाली. तिचे पहिले संचालक लिऑन राद्झिनोविच हे तरुणपणीं लोंब्रोसोच्या शिष्यापाशीं, एन्रिको फेरी यांच्यापाशीं, शिकलेले होते. पण त्यांनीं संस्था उभारली ती एका पंथाची गादी म्हणून नव्हे, तर कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र यांची एकत्र बैठक म्हणून. त्याच वर्षीं आपल्याकडे सागर विद्यापीठांत या विषयाचा विभाग निघाला. मुंबईंत हा विषय समाजकार्याच्या दारानें आला. १९३६ सालीं स्थापन झालेल्या व पुढें टाटा समाजविज्ञान संस्था या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या शाळेंत तो शिकविला गेला तो तुरुंग व सुधारगृहें यांच्या कारभाराशीं जोडून.

आमच्या वाचकवर्गास विशेष लागू पडणारा एक अध्याय अजून राहिला. १९३९ सालीं अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रतिष्ठित व सुखवस्तु माणसें आपल्या धंद्यांत जे गुन्हे करितात ते हिशेबांत धरलेच जात नाहींत, आणि मग दारिद्र्य हेंच गुन्ह्याचें मूळ असें सिद्ध करणें सोपें जातें. ७० मोठ्या कंपन्यांवरील त्यांचें पुस्तक १९४९ सालीं निघालें, तेव्हां कंपन्यांचीं नांवें गाळावीं लागलीं. नांवांसकट आवृत्ति निघण्यास १९८३ साल उजाडलें. एका टोंकास कांहीं न करितां नांव नोंदलें गेलेलीं माणसें, आणि दुसऱ्या टोंकास निकाल विरुद्ध जाऊनहि ज्यांचें नांव छापलें गेलें नाहीं अशा कंपन्या! या दोहोंमधील अंतर ज्यास दिसूं लागलें, त्यास या शास्त्राचें मर्म कळूं लागलें म्हणावयाचें.

म्हणून एम्. ए.च्या विद्यार्थ्यानें प्रथम हें शिकावें कीं, पोलिसांचे आंकडे हे गुन्ह्यांचे नव्हेत, नोंदींचे होत. आपल्या देशाचा गुन्हेविषयक वार्षिक अहवाल १९५३ च्या आंकड्यांपासून निघत आला आहे. त्यांत एखाद्या शहरांत गुन्हे वाढलेले दिसले, तर गुन्हेच वाढले कीं फिर्याद नोंदविणें सोपें झालें, हें आधीं विचारावें लागतें. आज चेहऱ्यावरून माणूस ओळखणारीं व कोण पुन्हां गुन्हा करील याचें भाकीत करणारीं यंत्रें पोलिसांच्या व न्यायालयांच्या दारीं आलीं आहेत. त्यांच्या पोटांत १८७१ चा कायदा तर लपलेला नाहीं ना, हें यंत्र विकणारा सांगणार नाहीं; तें तपासणारीं माणसें विद्यापीठांतूनच तयार झालीं पाहिजेत. तेव्हां घरांतील मुलानें वा मुलीनें हा विषय घेण्याचें मनांत आणलें तर वडील मंडळींनीं धास्ती बाळगूं नये. मात्र जेथें हा विषय शिकावयाचा तेथें ठशांबरोबर सेटलमेंटचाहि इतिहास शिकवितात कीं नाहीं, एवढी चौकशी त्यांनीं अवश्य करावी.