अर्ध्या तासाची रेषा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहास वाचताना मला एका शब्दाची धास्ती वाटते. तो शब्द म्हणजे 'तात्पुरते'. महायुद्ध संपल्यावर बडी राष्ट्रे ज्या गोष्टी तात्पुरत्या म्हणून करतात, त्या लहान देशांच्या कपाळी कायमच्या बसतात. कोरियाचेच पाहा.

१९१० पासून हा देश जपानच्या टाचेखाली होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान कोसळू लागला, तेव्हा सोव्हिएत फौजा कोरियात शिरत होत्या. अमेरिकेचे सैन्य दूर होते. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन लष्करी अधिकाऱ्यांना सांगण्यात आले, की कोरियातल्या जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची, ते अर्ध्या तासात ठरवा. समोर 'नॅशनल जिऑग्राफिक'चा नकाशा होता. त्यांनी ३८ अंश अक्षांशावर बोट ठेवले. राजधानी सोल अमेरिकेच्या बाजूला आली. स्टालिननेही हरकत घेतली नाही. कोरियन माणसाला मात्र कोणी विचारले नाही. गंमत पाहा, युद्ध लादले जपानने आणि फाळणी झाली त्याने गुलाम केलेल्या देशाची!

ती रेषा पुसता आली असती. पण वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातला विश्वास आटला होता. प्रत्येकाला आपल्या बाजूला आपला माणूस हवा होता. १९४८ मध्ये दक्षिणेत सिंगमन री यांचे आणि उत्तरेत किम इल-सुंग यांचे सरकार आले. दोघांनाही सगळाच देश हवा होता. दोष केवळ परक्यांचा नव्हता; पण भावांच्या भांडणात बळ पुरवले ते परक्यांनी. २५ जून १९५० रोजी उत्तरेने हल्ला केला. अमेरिका उतरली, मग चीन उतरला. लाखो माणसे मेली. २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी झाली, तेव्हा सीमा जवळपास जिथल्या तिथेच होती. शांतता करार आजतागायत झालेला नाही.

इथे आपलाही संबंध येतो. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना भारतीय जवानांनी सांभाळले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या आणि जवानांचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. बहुतेक कैद्यांनी कुठली तरी एक बाजू घेतली. ८८ जणांनी, त्यांत बहुतेक कोरियन, दोन्ही बाजू नाकारल्या. १९५४ मध्ये ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. त्यांतले बरेच जण पुढे दक्षिण अमेरिकेला गेले. दोन महासत्तांच्या भांडणात 'मी कुणाचाच नाही' म्हणण्याची किंमत म्हणजे आयुष्यभराचा परदेश!

'सरहद्द' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'सर' म्हणजे टोक, 'हद्द' म्हणजे मर्यादा. कोरियात ही मर्यादा चुलत्या-पुतण्यांच्या, मायलेकरांच्या मधून गेली. २००० सालापासून ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी अधूनमधून घडवण्यात आल्या. काही तासांची भेट, मग बसच्या काचेला लावलेले म्हातारे हात. २०१८ नंतर तेही थांबले. भेटीसाठी नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत.

नकाशावर रेषा ओढायला अर्धा तास पुरला. ती पुसायला ८० वर्षेही पुरलेली नाहीत. म्हणून आजही कुठे युद्ध थांबले आणि बड्या राष्ट्रांनी 'तूर्त एवढी रेषा मान्य करा' म्हटले, की मला विचारावेसे वाटते: त्या खोलीत तिथला माणूस आहे का?