कडू बिअरचा हिंदुस्थान-प्रवास

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून हिंदुस्थानाकडे निघणाऱ्या जहाजांवर दोन जातींच्या बिअरची पिंपे चढत. एक काळसर, भाजक्या चवीची पोर्टर. ती शिपायांच्या पसंतीची. दुसरी फिकट सोनेरी, हॉपच्या फुलांनी कडू केलेली पेल एल; ती अंमलदारांच्या मेजावर शोभे. ही दुसरी बिअर प्रामुख्याने बो येथील हॉजसन घराणे पुरवी. भट्टी गोदीपासून जवळ आणि उधारी दीड वर्षापर्यंतची. तेव्हा जहाजांचे कप्तान तेथेच जात. चार-सहा महिन्यांच्या सफरीत बिअर पिंपातच मुरे व कलकत्त्यास अधिक रुचकर होऊन उतरे.

यशाबरोबर लोभ वाढला. हॉजसनांच्या पुढच्या पिढीने कप्तानांना वगळून स्वतःच व्यापार आरंभिला, भाव चढविले, उधारी आखडली. त्याच सुमारास, १८२२ मध्ये, रशियाच्या नव्या जकातीने बर्टन गावच्या भट्ट्यांचा जुना व्यापार बुडाला. कंपनीच्या एका संचालकाने तेथील सॅम्युएल ऑलसॉपपुढे हॉजसनची बिअर ठेवली, असे सांगतात. त्याला ती कडू जहर लागली. तरी तशीच बिअर करण्याचे त्याने मनावर घेतले. पहिला नमुना म्हणे चहाच्या किटलीत सिद्ध झाला!

हिंदुस्थानात दोहोंची तुलना झाली, तेव्हा बर्टनची बिअर सरस ठरली. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम विपुल. त्यामुळे बिअर नितळ होई आणि कडूपणास धार येई. लंडनच्या पाण्यात हा गुण नव्हता. हॉजसनांची मक्तेदारी अशी एका लहान गावच्या विहिरींनी मोडली.