अडुळसा : बांधावरून बाटलीत



बांधावरचा अडुळसा ओळखत नाही, असा शेतकरी विरळाच. पाला कडू, वास उग्र. शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तो बरा. पण त्याची कथा कुंपणापुरती नाही.

जुन्या आयुर्वेद ग्रंथांत अडुळशाचं नाव 'वासा'. खोकला, दमा आणि रक्त पडणे यांवर वैद्य तो देत. आजीबाईच्या काढ्यातही तो आलाच. पानांत असतं तरी काय? १८८८ साली डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून 'वासिसिन' नावाचं द्रव्य वेगळं काढलं. पुढे १९६० नंतरच्या दशकात, त्याच्याच घडणीवरून बनवलेलं ब्रोमहेक्झिन हे औषध वापरात आलं. अँब्रॉक्सॉल हे त्याचंच भावंड. चिकट कफ पातळ करणं हे दोघांचं काम. खोकल्याच्या बाटलीवर ही नावं पुष्कळदा दिसतात.

मात्र वासिसिनचा आणखी एक गुण आहे : त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणून गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नये. 'झाडपाल्यानं काय बिघडतंय?' असं म्हणू नका. ज्या पानात गुण, त्यातच अपायही असतो. लहान मुलांनाही विचारल्याशिवाय काढा देऊ नका.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढ्यावर दिवस काढू नका. तो क्षय असू शकतो, आणि क्षय अडुळशाने बरा होत नाही. सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात, औषधंही मोफत मिळतात.

अडुळसा बांधावर जरूर राखा. वापर मात्र जाणून करा.