रक्त वर जाते की खाली? फुगलेल्या शिरांच्या निदानाचा साडेतीन हजार वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

१/
वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. भूदानासाठी १९५१ पासून सुमारे तेरा वर्षे देशभर पायी फिरलेल्या माणसाचे नाव. हा धागा ज्या आजाराविषयी आहे, तो मात्र तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्यांचा पिच्छा पुरवतो : व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायांच्या फुगलेल्या शिरा.

२/
हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणाऱ्या नीला. माणूस उभा असताना नीलांतील रक्ताला घोट्यापासून छातीपर्यंतचा चढ चढावा लागतो. चालताना पोटरीचे स्नायू नीलांना दाबून ते वर ढकलतात आणि आतल्या झडपा ते माघारी येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगून नागमोडी होतात.

३/
आज शाळेच्या पुस्तकात मावेल असे हे स्पष्टीकरण सतराव्या शतकापर्यंत जगात कोणालाच ठाऊक नव्हते. आजार मात्र फार जुना. इसवी सनपूर्व १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये गाठीगाठींच्या, नागमोडी फुगवट्यांचे वर्णन आहे आणि त्यांना शस्त्र लावू नये, असा इशाराही आहे. रक्तस्रावाची भीती त्यामागे असावी.

४/
अथेन्समध्ये इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील एक नवसाचे शिल्प सापडले. त्यात एक पुरुष माणसाएवढा प्रचंड पाय दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्या पायावर फुगलेली शीर ठळकपणे कोरली आहे. आरोग्य देणाऱ्या अमिनोस या वीरपुरुषाला ते अर्पण केले होते. मराठी मुलखातही देवाला चांदीचे हात, पाय, डोळे वाहतात. त्या प्रथेशी परिचित असलेल्याला हे शिल्प परके वाटणार नाही.

५/
रोमन सेनानी गायस मारियस याची कथा प्लुटार्कने नोंदवली आहे. दोन्ही पायांच्या शिरा फुगलेल्या. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बांधून ठेवण्याची रीत. मारियसने बांधून घेतले नाही आणि हूं की चूं न करता एक पाय कापू दिला. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला, तेव्हा मात्र त्याने नकार दिला : एवढ्या यातनांच्या मोलाचा हा इलाज नाही, असे त्याचे मत पडले.

६/
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘सिराज ग्रंथी’ येते. दुर्बल माणसाने अतिश्रम केल्यास वायूमुळे सिरांचे जाळे आक्रसून उंचवटा तयार होतो, असे तिचे कारण सांगितले आहे. आजच्या व्याख्येशी ती तंतोतंत जुळत नाही. पण श्रम आणि शिरा यांचे नाते तिथे जोडलेले आहे. सावंगीच्या महाविद्यालयाच्या विद्यापीठाचेच आयुर्वेद महाविद्यालय वर्ध्याजवळ सालोड (हिरापूर) येथे आहे. एकाच विद्यापीठात या आजाराच्या दोन्ही परंपरा नांदतात.

७/
युरोपात हजार-दीड हजार वर्षे गॅलेनचा शब्द प्रमाण होता. रक्त यकृतात तयार होते आणि नीलांतून अवयवांकडे वाहत जाते, अशी समजूत होती. त्यामुळे फुगलेली शीर म्हणजे दूषित रसांचा साठा ठरला. घोट्याजवळचा व्रण तर त्या रसांना बाहेर पडण्याची वाट मानला गेला. परिणामी, तो भरून येऊ देणेच धोक्याचे, असे अनेक वैद्य मानत. चुकीच्या सिद्धान्तापायी किती जखमा मुद्दाम उघड्या ठेवल्या गेल्या असतील!

८/
१६०३ मध्ये पदुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने नीलांतील झडपांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना त्याने ‘लहान दारे’ म्हटले. दारे दिसली, पण ती कोणत्या बाजूला उघडतात याचा अर्थ त्याने उलटा लावला. खाली वाहणाऱ्या रक्ताचा वेग कमी करून पायांत पूर येऊ न देणे हे त्यांचे काम, असे त्याला वाटले.

९/
त्याच पदुआत शिकलेल्या विल्यम हार्वीने १६२८ मध्ये उत्तर दिले. दंडाला पट्टी बांधून त्याने हातावरच्या फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून दाखवले : रक्त हृदयाच्या दिशेने सहज सरकते, उलट ढकलले तर झडपेशी अडते. नीलांतील वाहतूक एकेरी आहे. फुगलेल्या शिरेत नेमके काय बिघडते, हे विचारणे यानंतरच शक्य झाले.

१०/
तरी हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला दोन शतके लागली. १८४६ मध्ये लंडनच्या बेंजामिन ब्रॉडीने एक साधी तपासणी सांगितली आणि १८९० च्या सुमारास जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्गने तिला शस्त्रक्रियेची जोड दिली. रुग्णाला झोपवून पाय उंच धरायचा, शिरा रिकाम्या होऊ द्यायच्या, जांघेजवळ शीर दाबून त्याला उभे करायचे आणि दाब सोडायचा. शीर वरून झर्रकन भरली, तर वरची झडप निकामी.

११/
या तपासणीला यंत्र लागत नाही. बोट आणि नजर पुरते. म्हणून भारतातील वैद्यकीय विद्यार्थी ती आजही शिकतात. तिच्यामुळे उपचाराची दिशाही बदलली. मारियसच्या वैद्याने दिसणारा फुगवटा कापला. ट्रेंडेलेनबुर्गने फुगवट्याच्या कितीतरी वर, मांडीत, मुख्य नीला बांधली. पुढच्या शल्यविशारदांनी ही गाठ आणखी वर, जांघेपर्यंत नेली. १९०७ मध्ये अमेरिकेतील बॅबकॉकने शिरेत तार घालून संपूर्ण शीर ओढून काढण्याची पद्धत मांडली.

१२/
१८४२ मध्ये प्रागमध्ये ख्रिस्तियन डॉप्लरने मांडलेला सिद्धान्त ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी होता. विसाव्या शतकात त्याच तत्त्वावर ध्वनिलहरींनी रक्ताची दिशा व वेग मोजता आला. आज डॉप्लर सोनोग्राफीत नीलेतून उलट वाहणारे रक्त पडद्यावर दिसते. हार्वीने बोटाने विचारलेलाच प्रश्न यंत्र विचारते : रक्त वर जाते की खाली?

१३/
१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बिघडलेली शीर आतूनच बंद करण्याचे तंत्र आले. शीर बंद झाल्यावर रक्त खोलवरच्या निरोगी नीलांतून वर जाते. यांपेक्षा कितीतरी जुना उपाय आहे घट्ट पट्टी किंवा दाबमोजे. झडप त्याने दुरुस्त होत नाही, पण रक्त साचणे कमी होते. पायांतील रोहिणी अरुंद झाल्या असतील तर हा दाब घातक ठरू शकतो, म्हणून आधी तपासणी हवी.

१४/
एवढे सगळे हाती असूनही रुग्ण उशिरा येतो. संध्याकाळी पाय जड होणे, सूज, खाज, घोट्याजवळची त्वचा काळवंडणे या खुणा थकवा म्हणून सोडून दिल्या जातात. न भरणारी जखम झाली की मग दवाखाना आठवतो. आनुवंशिकता, वय, गर्भारपण, स्थूलता ही कारणे आहेतच. दीर्घकाळ उभे राहण्याने त्यांत भर पडते.

१५/
म्हणून या इतिहासाचे एक प्रकरण कायद्याच्या पुस्तकात आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट आणि पुलगाव ही कापडगिरण्यांची गावे. मागावरचा कामगार पाळीभर उभा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक केली, जेणेकरून कामात उसंत मिळेल तेव्हा त्यांना टेकता यावे.

१६/
दुकाने मात्र कारखान्यांत मोडत नाहीत. केरळमधील साड्यांच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे. त्यांनी लढा दिला आणि २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. झडपेचे कोडे १६२८ मध्ये सुटले होते. विक्रेतीला स्टूल मिळायला त्यानंतर ३९० वर्षे लागली.

(समाप्त)