डेड कोड म्हणजे काय? वापरात नसलेला जुना कोड काढून टाकणं का गरजेचं असतं?

हेंद्रेपाड्यातून बदलापूर स्टेशन गाठून रोज मुंबईला जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना हा अनुभव आठवत असेल. धावत्या लोकलमध्ये एका ठराविक ठिकाणी दिवे आणि पंखे काही क्षण बंद पडायचे. तिथे गाडी २५ हजार व्होल्ट एसी पुरवठ्यातून १५०० व्होल्ट डीसी पुरवठ्यात शिरायची. मुंबईत १९२५ पासून लोकल डीसीवर धावत होत्या. एसीकडे जाण्याचं काम टप्प्याटप्प्याने चालल्यामुळे दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावर हे काम संपलं. डीसीवरच चालणाऱ्या जुन्या गाड्या निवृत्त झाल्या.

सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. नवी पद्धत आणताना जुनी लगेच बंद करता येत नाही. काही काळ दोन्ही चालतात आणि कोणती वापरायची हे एक खटका ठरवतो. त्याला ‘फ्लॅग’ म्हणतात. नंतर सगळे नव्या पद्धतीवर येतात, पण जुना कोड तसाच पडून राहतो. हाच डेड कोड. जुनं सबस्टेशन जागा अडवतं, म्हणून ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतं. कोडच्या हजार ओळी कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे ‘राहू दे, काय बिघडतंय?’ असं म्हणणं सोपं जातं.

काय बिघडतं, याचं एक महागडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नाईट कॅपिटल ही शेअर बाजारात सौदे करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाची एक सोय होती. तिचा वापर २००३ मध्ये थांबला, कोड मात्र राहिला. एखादी मोठी ऑर्डर लहान तुकड्यांत बाजारात जायची आणि ती पूर्ण झाली की ‘आता थांब’ असं सांगणारी मोजणी व्हायची. २००५ मध्ये ही मोजणी कोडमध्ये दुसऱ्या जागी हलवली गेली. पॉवर पेगचा ब्रेक निघाला, पण ते वापरातच नसल्याने कुणी तपासलं नाही.

२०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी कंपनीने नवा कोड लिहिला आणि त्यासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरला. नवा कोड ८ सर्व्हरवर जायला हवा होता, तो ७ वरच गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला पॉवर पेग जागा झाला. आपण कधी थांबायचं हे त्याला कळतच नव्हतं. सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले. दोष सापडेना म्हणून कर्मचाऱ्यांनी उरलेल्या ७ सर्व्हरवरचा नवा कोड काढला. त्यामुळे तिथेही जुना कोड चालू लागला! तोटा सुमारे ४६ कोटी डॉलर झाला. पुढच्या वर्षी नियामकाने १.२ कोटी डॉलर दंड केला आणि तोपर्यंत कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती.

या गोंधळात सर्व्हरवर कोड पोहोचवण्यातली चूक होतीच. पण त्या आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग नसता, तर त्या चुकीला इतकी मोठी किंमत पडली नसती.

इन्फ्रास्ट्रक्चर रिपॉझिटरीत काळजी जास्त का?

आज मोठ्या संस्थांचे सर्व्हर हाताने उभे केले जात नाहीत. कोणत्या मशीनवर काय बसवायचं, कोणतं काम किती वाजता चालवायचं, कोणतं डोमेन कुठे वळवायचं, हे सगळं फाइलींत लिहून एका रिपॉझिटरीत ठेवतात आणि टूल्स त्यानुसार सर्व्हर तयार करतात. इथली ओळ खोडण्याचा परिणाम टूलवर अवलंबून असतो. पपेट किंवा अँसिबलमध्ये नियम खोडला, तरी सर्व्हरवर आधी बसवलेली गोष्ट सहसा तशीच राहते. फक्त तिच्याकडे लक्ष देणारं कुणी उरत नाही. म्हणून आधी ‘हे नको’ असा नियम लिहून तो सगळ्या सर्व्हरवर चालवायचा आणि मगच खोडायचा. टेराफॉर्ममध्ये नेमकं उलट. तिथे व्याख्या खोडून बदल लागू केले, की टूल खरा सर्व्हर किंवा डेटाबेसच नष्ट करायला निघतं. त्यामुळे काय काय जाणार आहे याची यादी आधी वाचणं अत्यावश्यक आहे. ती न वाचता ‘येस’ टाइप करणारा धाडसी नसतो, निष्काळजी असतो.

डोमेनच्या नोंदींचा धोका वेगळा आहे. सेवा बंद केली, पण उपडोमेन अजून तिच्याच पत्त्याकडे बोट दाखवत असेल, तर काही क्लाउड सेवांवर तो मोकळा झालेला पत्ता तिसराच कुणी घेऊ शकतो. मग तुमच्या नावाखाली त्याचं पान उघडतं.

वापरात नाही, हे कसं ठरवायचं?

खरं कष्टाचं काम हेच. नाव शोधून सापडलं नाही, एवढा पुरावा पुरत नाही. काही नावं प्रोग्राम चालू असतानाच जोडून तयार होतात. महिनाभराच्या लॉगमध्ये हालचाल दिसली नाही, तरी ते काम ३१ मार्चलाच चालणारं असू शकतं. म्हणून अनुभवी मंडळी आधी ती गोष्ट फक्त बंद करतात आणि कोण ओरडतं याची वाट पाहतात. कुणीच ओरडलं नाही, की खोडतात. कोडसोबत त्याचा फ्लॅगही जातो आणि त्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरत नाहीत.

‘लागला तर?’ म्हणून कोड कॉमेंट करून ठेवण्याची सवय बऱ्याच टीममध्ये असते. तिची गरज नाही. गिटमध्ये खोडलेल्या ओळी इतिहासात राहतात आणि परत आणता येतात.

लिनक्सने हे मोठ्या प्रमाणावर केलं आहे. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठीचा कोड सांभाळायला कुणी उरलं नाही, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ आवृत्तीतून तो काढला गेला. ज्यांच्याकडे ती यंत्रं अजून चालतात, त्यांच्यासाठी हा कोड असलेली ६.६ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती होतीच.